बोटभर जागा

"बोटभर! मालक, बोटभर जागा सोडा मधी!"

असं म्हणत ते कॅमेरा गळ्यात लटकवून पुढं यायचे, दाटीवाटीनं उभ्या असलेल्या दोन माणसांच्या खांद्यांमध्ये उजव्या हाताचं पहिलं बोट घालायचे आणि वरून खालपर्यंत ओढायचे. कलिंगड चिरावं तसं. मग पुढची जोडी, मग तिच्या पुढची. नवरानवरीलाही माफी नव्हती. एका लग्नात त्यांनी नवरीला नवऱ्यापासून अशी सोडवली, की तिच्या मामाला वाटलं लग्न मोडलं. तो पंगतीतून हातातल्या बुंदीसकट धावत आला. निम्म्या सोलापूरचे अल्बम उघडून बघा. घरातल्या माणसांमध्ये एवढी फट दिसेल की मधून रिक्षा जाईल. आणि मी वाढवून सांगत नाही. वाढवून सांगायचं असतं तर एसटी म्हणालो असतो.

साखर पेठेत माझं टॉवेलचं दुकान आणि बरोबर समोर त्यांचा स्टुडिओ. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि कॅमेऱ्याशी कुठली भाषा बोलायचे ते कॅमेऱ्यालाच ठाऊक. तुमच्याही गल्लीत असा एक असेल, ज्याचं गिऱ्हाईक संपलंय पण जो रोज सकाळी दुकानासमोर पाणी मारतो. मोबाईल आले, लग्नं ड्रोनवाल्यांनी नेली, आणि अण्णांकडं एकच काम उरलं: गेलेल्या माणसांचे फोटो.

माणूस जातो तेव्हा घरात धड फोटो नसतो, हे तुम्हीही बघितलं असेल. रडणं जरा ओसरलं की शोधाशोध सुरू होते, आणि जो चांगला निघतो तो नेमका घोळक्यातला. तो घेऊन लोक अण्णांकडं यायचे. चेहरा सापडायचा, पण खांद्यावर कुणाचा तरी हात. माणूस जन्मभर एकटा राहील, फोटोत मात्र कुणीतरी गळ्यात पडलेलंच असतं. मग अण्णा रस्ता ओलांडून माझ्याकडं यायचे.

"मालक, पांढरा हाय का एखादा? गेलेले वकील होते."

माझा टॉवेल खांद्यावर टाकल्यासारखा ते कॉम्प्युटरवर असा बसवायचे, की खालचा परका हात गायब. आज कुणाच्याही घरी भिंतीवरचे आजोबा बघा, खांद्यावर माल आमचाच. जिवंत सोलापुरात माझ्या दुकानाचं जेवढं नाव नाही तेवढं वर गेलेल्यांत आहे.

तर ह्या बोटाचं कारण आम्हा शेजाऱ्यांना माहीत होतं. आधीच फट ठेवली की पुढं कापायला सोपं. लोकांना हे कळलं असतं तर त्यांनी अण्णांना कापलं असतं. आम्ही कुणाला बोललो नाही.

मग माझ्या आईच्या पोटात गाठ निघाली.

डॉक्टर बोलके होते. पण मी पुढच्या उन्हाळ्याचं विचारलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला, आणि तो चष्मा मी उठेपर्यंत काही स्वच्छ झाला नाही. घरी येऊन मी मोबाईल चाळला. आईचे फोटो हजार. एकात तिची पाठ. एकात ताट घेऊन पळणारा पदर. बाकी सगळ्यांत कॅमेऱ्यासमोर धरलेला पंजा आणि मागून "नको रे मेल्या". धड चेहरा एकात नाही. मला दुकानात गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकू येईना. निळा मागितला की मी लाल द्यायचो. मला एकच दिसत होतं: भिंत, भिंतीवर खिळा, आणि खिळ्याला काही नाही.

पोरं कधीपासून पुण्यापलीकडच्या थीम पार्कला जायचा हट्ट धरून होती. आईच म्हणाली, "जाऊया की. मी पण बसते पाळण्यात. पडले तर तेवढाच दवाखान्याचा हेलपाटा वाचंल."

मी रस्ता ओलांडला.

"अण्णा, आमच्याबरोबर चला. घरच्यांचे फोटो काढायचेत."

"पार्कात? तिथं माणसं उलटी टांगतात म्हणं."

"उलट्यांचे नको. आईचा पाहिजे."

अण्णा माझ्याकडं बघत राहिले. मग बोट वर केलं. "सगळ्यांच्या मधी बसवायचं. पण निघाला पाहिजे एकटीचा."

मी मान हलवली. तेवढ्यावर सौदा झाला.

पार्कच्या दारातच खोळंबा. मोठा कॅमेरा आत न्यायला बंदी, बाहेरचं खाणंही बंद. अण्णांनी कॅमेरा माझ्याच दोन टॉवेलांत गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवला होता आणि वर आईच्या कडक भाकऱ्या अन् शेंगाचटणी. रखवालदारानं पिशवी उघडली. चटणीचा वास त्याच्या नाकात गेला आणि माणूस संपला. भाकऱ्या जप्त, चटणी जप्त, तपासणी खलास. आम्ही आत गेलो तेव्हा तो बोट चाटत सलाम करत होता.

आत मात्र सगळं बिघडत गेलं.

अण्णांनी कारंजासमोर बसवलं. मधे आई, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला बायको, पुढं दोन पोरं. बोट घालून फटी पाडल्या. मागं जाऊन कॅमेरा डोळ्याला लावला, तोवर आई माझ्याकडं सरकून खांद्याला टेकलेली.

"अक्का, बोटभर!"

"व्हय व्हय."

पुन्हा फट. पुन्हा कॅमेरा. आता धाकट्याची मुंडी आईच्या मांडीत. किल्ल्यासमोर तेच, परीच्या महालासमोर तेच. ऊन चढलं. सोलापूरचं ऊन निदान सरळ मारतं. हे चिकटून मारत होतं. पोरं "आम्हाला पाळणा" म्हणून भोंगे लावून होती. आईचा चेहरा पांढरा पडत चालला आणि मी तिच्या मागं मागं, "आई, एक. फक्त एक नीट. हात मांडीवर ठेव. सरळ बघ. आई, माझ्यासाठी." माझाच आवाज मला ओळखू येईना. येणारेजाणारे थांबून बघायला लागले. पाळण्यापेक्षा मी बरा, असं त्यांना वाटलं असावं.

प्लास्टरच्या एका हत्तीखाली आई पोट धरून खाली बसली. माझ्या पोटात गोळा आला. तिच्या पोटात तर होताच.

कळ ओसरली तशी तिनं अण्णांना समोर बसायला लावलं.

"अण्णा, खरं सांग रे बाबा. मला मधनं उचलायची हाय न्हवं?"

मी म्हणालो, "आई, काहीतरीच."

"तू गप. तुझं तोंड सकाळपास्नं दहाव्याला बसल्यासारखं हाय." मग पुन्हा अण्णांना, "बोल की."

अण्णांनी कॅमेऱ्याचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. ह्या माणसाला मी इतकी वर्षं समोर बघत होतो. त्यांना मूल नाही, एवढंच मला माहीत होतं.

"मुलगी होती मला, अक्का. तापानं गेली. फोटोवाल्याची पोर, आणि फोटो एकच. कुणाच्या तरी लग्नात, आईच्या मांडीवर बसलेली." ते हत्तीच्या पायाकडं बघून बोलत होते. "मीच कापलो. मांडीवरनं उचललो. फ्रॉकवर हिची दोन बोटं राहिली होती, धरलेली. ती पण पुसलो. लई सुंदर काम झालं. एक डाग न्हाय. घरी नेऊन दाखवलो तर ही बघत बसली, आणि म्हणाली, माझी बोटं कुठं टाकलात?"

धाकटा येऊन आईच्या मांडीला टेकला.

"तवापास्नं तिनं स्टुडिओत पाय टाकला न्हाय. मी ठरवलो, दुसऱ्या कुणाचा हात कापायची पाळीच आणायची न्हाय. आधीच जागा सोडायची."

आई पुढं सरकली. मग पदरानं स्वतःचा घाम पुसला आणि त्याच पदरानं त्यांचं कपाळ.

"हात कापला म्हणून रडली ती बाई," ती म्हणाली. "आणि तू हात लावायचाच बंद केलास व्हय रे? सगळ्या गावाचा?"

अण्णा पुन्हा पट्टा बोटाला गुंडाळायला लागले.

"ऊठ. मला त्या होडीत बसायचंय. तू बसणार असलास तर मी बसते."

होडी म्हणजे लहान मुलांची. पाण्यातून संथ फिरायची आणि शेवटी एका उतारावरून खाली यायची. तो उतार खरं सांगायचं तर आमच्या माडीच्या जिन्याएवढा. पण घरी ही गोष्ट सांगताना मी तो भुईकोटाच्या बुरुजाएवढा सांगतो, आणि वरून पडताना मला खाली ढग दिसले असंही सांगतो. पाण्याची भीती म्हणून अण्णांनी कॅमेरा पुन्हा टॉवेलात गुंडाळून, पिशवीसकट तिथल्या माणसाकडं ठेवला. तो माझ्या लग्नाच्या आधीपासून त्यांच्या गळ्यात होता; काढल्यावर मान उघडी, बिनपिसाची दिसायला लागली. पुढं पोरं, मधे आई आणि अण्णा, मागं मी आणि बायको.

उताराच्या तोंडाशी होडी क्षणभर थांबली. अण्णा बसले होते नेमाप्रमाणं, आईपासून बोटभर लांब.

मग होडी सुटली. "अगं आई गं!" अशी किंकाळी आली. ती आईची नव्हती, अण्णांची होती. आई हसत होती. मी ते ऐकत होतो आणि पाणी तोंडावर आलं म्हणून बरं झालं.

बाहेर पडायच्या वाटेवर एक पडदा होता. उतारावर कुठंतरी यंत्राचा कॅमेरा लपवलेला असतो, तो येणाऱ्या प्रत्येक होडीचा फोटो आपोआप काढतो, हे आम्हाला माहीत नव्हतं. पडद्यावर आम्ही होतो. पोरं हवेत हात टाकलेली, बायकोचे डोळे मिटलेले, मी घाबरलेल्या बोकडासारखा. मधे आई, तोंड भरून हसणारी, सरळ समोर बघणारी. आणि शेजारी अण्णा, आ वासलेले, डोळे बाहेर, शर्टाचा खांदा आईच्या मुठीत गच्च.

आम्ही सगळे हसायला लागलो. अण्णा पडद्याच्या अगदी जवळ गेले. धंद्याची नजर होती ती.

"उजेड वाईट. फोकस गेलाय. कोन तर भिकार." ते थांबले. नकळत बोट वर गेलं आणि पडद्यावर दोन खांद्यांच्या मधे जागा शोधत फिरलं. सापडली नाही. "मालक, ह्यातनं कुणालाच उचलता यायचं न्हाय."

परतीच्या गाडीत त्यांनी एकही फोटो दाखवला नाही. दाखवण्यासारखा नव्हताच. आई त्यांच्या शेजारीच झोपली होती. तिची मान त्यांच्या दंडावर कलंडली, आणि टेंभुर्णीपासून सोलापूरपर्यंत त्या माणसानं हात हलवला नाही. उतरताना त्यांचा हात लाकडासारखा झाला होता, तो त्यांनी दुसऱ्या हातानं उचलून पिशवीसारखा घरी नेला.

आम्ही सगळे आईकडं बघत होतो. कुणीही समोर बघत नव्हतं. पावसाळा संपता संपता एके दुपारी अण्णा स्टुडिओतल्या खुर्चीत बसल्या जागी गेले. सकाळी पाणी मारलेलं दुकानासमोर अजून ओलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको माझ्या दुकानाच्या पायरीशी उभारली. ती त्या रस्त्यावर आलेली मी कधी बघितली नव्हती.

"दादा, तुमच्याकडं त्यांचा एखादा फोटो हाय का? घरात लग्नातला हाय, त्यात मिशी पण न्हाय. आधारचा हाय, पण तो..." तिनं वाक्य सोडलं. आधारवरचा फोटो मलाही माहीत आहे. त्यात माणूस आधीच गेलेला असतो.

मी घरी जाऊन भिंतीवरची होडी, म्हणजे पार्कातून विकत आणलेला तो फोटो, काढून आणली.

तो घेऊन आम्ही दुसऱ्या एका स्टुडिओत गेलो. कॉम्प्युटरवाल्यानं अण्णांचा चेहरा मोठा केला. आ वासलेला. "दुसरा न्हाय का?" त्यानं विचारलं. नव्हता. "बरं. हात तेवढा पुसून देतो. न्हायतर खांद्यावर टॉवेल टाकू?"

इतक्या वर्षांच्या सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "पांढरा टाका."

"नको," अण्णांची बायको म्हणाली. ती पडद्यावरच्या त्या मुठीकडं बघत होती. मूठ सुरकुतलेली, काचेच्या दोन हिरव्या बांगड्या. "राहू द्या. सगळा जन्म बोटभर लांब उभारला माणूस. आता कुणीतरी धरलंय, तर सोडवू नका."

मग अण्णा गेले त्या दुपारपासून माझ्याकडं असलेली स्टुडिओची किल्ली तिनं मागून घेतली, एकटीच चालत तिकडं गेली आणि शटर उघडलं. मी आत गेलो नाही.

आता त्यांच्या घरी तो फोटो आहे. हार घातलेला, ओरडणारा माणूस, आणि चौकटीबाहेरून येऊन त्याचा खांदा धरलेला एक हात. बघणारा आधी दचकतो, मग हसतो, मग गप्प होतो.

अख्खी होडी परत आमच्या भिंतीवर आहे. आईला आता उठवत नाही. पलंग मी त्या भिंतीसमोर लावलाय. काल तिचं लुगडं सारखं करत होतो, तर ती फोटोकडं बोट करून म्हणाली, "माझ्या वक्ताला ह्यातनंच काढ."

"आई, गप्प बस गं."

"आणि कुणी इचारलं, म्हातारीचा एक हात कुटं गेलाय, तर सांग, समोरच्या अण्णाकडं हाय. त्याला उंचावरनं भ्या वाटतं."