साहेबांना न विचारलेला प्रश्न

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती तर त्या संध्याकाळी त्याच हॉलमध्ये बसली होती. तिला वाटलं, मी छान बोललो. छान बोललोच होतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की ओळखत नाही म्हणूनच धीर होतोय?

मी चिपळूणचा. सौदी अरेबियात जुबैलला एका केमिकल प्लांटमध्ये इंजिनिअर आहे, बरीच वर्षं झाली. इथे माझी प्रभुदासजींशी ओळख झाली. ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबादकडचे, आमच्याच प्लांटमध्ये सेफ्टी ऑफिसर, आणि क्वेकर. हा शब्द मीही त्यांच्याकडूनच ऐकला. ख्रिश्चनांमधला एक छोटा पंथ. ही माणसं एकमेकांना ‘मित्र’ म्हणतात. पाद्री नाही, गाणी नाहीत. शुक्रवारी त्यांच्या फ्लॅटमध्ये पाचसहा जण गोल करून गप्प बसायचे. कुणाला आतून काही सांगावंसं वाटलं तर सांगायचं, नाहीतर तसंच उठायचं. या देशात दुसऱ्या धर्माची प्रार्थना उघडपणे करता येत नाही, त्यामुळे ते सोयीचंही होतं — आवाजच नाही, मग शेजाऱ्यांना कसला त्रास? मी त्यांच्या धर्माचा नव्हतो, तरी जायचो. बायको हसायची, “गप्प बसायला घर काय वाईट आहे?”

पण मला तिथे बरं वाटायचं. ते लोक शपथ घेत नसत. शपथ घेतली म्हणजे एरवी खोटं बोलायची मुभा आहे असं होतं, असं प्रभुदासजी म्हणायचे. मतदानाने काही ठरवत नसत — सगळ्यांची मनं एका जागी येईपर्यंत थांबत. आणि राजकारणाबद्दल त्यांचं एक साधं म्हणणं होतं. कुठल्या पक्षाचा झेंडा धरायचा नाही, पण पुढाऱ्याकडे पाठही फिरवायची नाही. जो मत मागायला येईल त्याच्यासमोर उभं राहायचं, आदराने, आणि खरी गोष्ट विचारायची. त्याच्या विरोधकालाही तोच प्रश्न. त्या माणसातही देवाचा अंश आहे असं धरून.

मला हे फार आवडलं होतं. आवडणं सोपं असतं, नाही?

आमच्या कंपनीच्या बसवर इकबाल ड्रायव्हर होता. दापोलीकडचा, मला दादा म्हणायचा. त्याची बहीण रेहाना इथल्याच बुरैदा शहरात एका घरी कामाला होती. करार संपून गेला तरी कफील, म्हणजे तिचा व्हिसा ज्याच्या हातात तो मालक, तिला सोडत नव्हता — आज पाठवतो, ईदनंतर पाठवतो. फोन कधीतरीच करू द्यायचे. गावाकडे त्यांची आई अंथरुणाला खिळलेली, लेकीचं नाव घेत होती. मीच इकबालला प्रभुदासजींकडे नेलं. तो त्यांच्या सोफ्याच्या कडेला बसून रडला. त्या शुक्रवारी ती शांतता वेगळीच होती, जड.

त्याच सुमारास निवडणूक आली. आमच्या कोकणातले एक उमेदवार — साहेबच म्हणू — इथल्या कोकणी मंडळींना भेटायला येणार होते. सभा नव्हे, जेवण. मतं काही आम्ही इथून देऊ शकत नाही, पण घरी फोन करून सांगू शकतो ना! आमंत्रण फक्त कोकणातल्यांना होतं. मी आयोजकांत होतो. इकबालची तेव्हा ड्यूटी होती. म्हणून सगळ्यांच्या मनाने ठरलं, मी विचारायचं. रेहानाचं नाव घेऊन विचारायचं: निवडून या किंवा न या, या मुलीसाठी तुम्ही काय कराल? पुढच्या आठवड्यात जवळच्याच दम्माम शहरात त्यांचे विरोधक येणार होते, त्यांनाही हेच विचारायचं होतं.

“मीठा मत बोलना,” प्रभुदासजी मला म्हणाले, “कड़वा भी मत बोलना. बस, पूछ लेना.”

साहेब आले. माझ्या मुलीने त्यांना गुच्छ दिला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “तुमच्या वडिलांना मी ओळखतो. सज्जन माणूस.” मला शेजारी बसवलं. मग माइक माझ्याकडे आला. प्रश्न पाठ होता — अगदी जिभेवर होता. समोर सगळे हसऱ्या चेहऱ्याने बघत होते. खांद्यावरचा हात अजून जाणवत होता. आणि मी म्हणालो, “साहेब, आपल्यासारखं नेतृत्व कोकणाला मिळतंय याचा आम्हा परदेशातल्या मराठी माणसांना अभिमान आहे.” मग हायवे कधी पूर्ण होणार ते विचारलं. टाळ्या पडल्या.

भ्यायलो होतो का? कुणाला? कुणी धमकी दिली नव्हती. साहेबांनी कदाचित नीट ऐकूनही घेतलं असतं. मला फक्त तो खांद्यावरचा हात हवा होता.

पण माझा दोष हा नाही. म्हणजे — हाही आहे. खरा दोष पुढे आहे.

शुक्रवारी प्रभुदासजींच्या बायकोने, सुशीलाभाभींनी, दारातच विचारलं, “पूछा?” मी हो म्हणालो. एवढ्यावर थांबलो नाही. बाईमाणसाची गोष्ट म्हणून माइकवर नाही, जेवताना बाजूला नेऊन विचारलं, म्हणालो. त्यांनी मनावर घेतलंय, म्हणालो. इकबालने माझे दोन्ही हात धरले.

आणि दम्मामला जायची वेळ आली तेव्हा मी सगळ्यांना अडवलं. साहेबांनी शब्द दिलाय, आता विरोधकांकडे गेलो तर ते बिथरतील, असं सांगितलं. प्रभुदासजींना ते पटत नव्हतं. बराच वेळ ते डोळे मिटून बसले. शेवटी म्हणाले, तू त्यांच्याशी बोललास, तुला जास्त कळतं. मला भीती होती ती एवढीच, की चार लोकांत विषय निघाला तर माझं खोटं उघडं पडेल. त्यासाठी मी दुसरं दारही लावून घेतलं.

मग रोज सकाळी बसमध्ये चढताना इकबाल विचारायचा, “दादा, साहेबांचं काही कळलं?” मी म्हणायचो, निवडणुकीची धामधूम आहे, थांब जरा. तो थांबला. माझ्या शब्दावर थांबला, दुसरीकडे कुठे गेलाच नाही.

रेहाना सुटली ती कफिलाच्या म्हाताऱ्या आईमुळे. तिनेच मुलाला बजावलं, पोरीला तिच्या आईकडे पाठव. पण तोवर आई गेली होती. इकबालने बहिणीला फोनवर ते कळू दिलं नव्हतं. तिला घरी पोचल्यावर कळलं.

विचारलं असतं तरी काय झालं असतं, असं मी स्वतःला खूपदा सांगितलंय. पण ते ठरवणारा मी कोण?

साहेब निवडून आले, आणि पुढे पुन्हा जुबैलला आले. प्रभुदासजी हट्टाने माझ्याबरोबर आले. ऐकून घेणाऱ्याचे आभार मानायला हवेत, म्हणाले. त्यांनी साहेबांसमोर हात जोडले. “आपने हमारी रेहाना बेटी की बात सुनी थी. वो घर पहुँच गई. शुक्रिया कहने आया हूँ.”

साहेबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग प्रभुदासजींचे हात हातात घेतले. “अरे, वो तो मेरा फ़र्ज़ था. मैंने खुद फोन किया था.”

गाडीत प्रभुदासजी डोळे पुसत होते. लोक नेत्यांना उगाच नावं ठेवतात, म्हणत होते. मी गाडी चालवत राहिलो. पुढाऱ्यांना खोटारडे म्हणणं मी त्या दिवसापासून सोडलं.

आता ते निवृत्त होऊन गावी गेलेत. मध्यंतरी त्यांचा फोन आला. तिकडे निवडणूक आहे, आणि त्यांच्या मित्रांनी सगळ्या उमेदवारांना एकेक करून भेटायचं ठरवलंय. तरुण मुलं बिचकतात. फोन स्पीकरवर होता. “बता इनको,” ते म्हणाले, “तूने कैसे पूछा था.”

मी सांगितलं. साहेबांना बाजूला कसं नेलं, घसा कसा कोरडा पडला होता, तिचं नाव कसं सावकाश उच्चारलं — सगळं सांगितलं. मध्येच कुणी तरी विचारलं, डर नहीं लगा? लगा, मी म्हणालो, पर पूछना ज़रूरी था.

बोलताना माझा आवाज एकदाही अडखळला नाही.