डबीतल्या गोळ्या

शर्टाची काजं करावीत तर काजवालीनेच, असं अख्खा कारखाना म्हणायचा. पण पोटुशी झाल्यावर पाचव्या महिन्यात तिचे हात असे थरथरायला लागले की सुईत दोरा जाईना. मुकादम खेकसला, "नाटकं घरी ठेवून यायची!" मेल्याला काय कळणार तिच्या छातीतली धडधड!

तिचं थायरॉईड लग्नाआधीपासूनच जास्त. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, दिवस गेले तरी गोळी सुटता कामा नये. पहिले तीन महिने एक गोळी दिली, मग बदलून दुसरी लिहिली. तशी रीतच असते. पण सासूबाईंना तेवढं निमित्त पुरलं.

"तीन महिने विष चारलं आणि आता चूक कळली होय! मी चार बाळंतपणं काढली, गोळीचं तोंड पाहिलं नाही."

वर नवी गोळी आणायला दुकानात गेल्या त्याच. काजवाली बिचारी रोज सकाळी न चुकता डबीतली गोळी घ्यायची. तरी वजन उतरतच गेलं, घामाने अंथरूण भिजायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, "स्वभावच जळका, अंगी काय लागणार?"

पुढच्या तपासणीला नाडी एकशे चाळीस. डॉक्टरीणबाई भडकल्या, "गोळ्या सोडल्यास ना?"

"देवाशपथ, रोज घेते!" तिने डबी काढून टेबलावर आपटली.

डॉक्टरीणबाईंनी गोळी हातात घेतली. "अगं, ही नुसती व्हिटॅमिनची आहे."

काजवालीने वळून पाहिलं. सोबत आलेल्या सासूबाईंची मान ताठच. "मीच भरल्या. खऱ्या आणल्याच नाहीत. नातवासाठी केलं, चोरी नाही केली."

"चोरी नाही, दरोडा घातलात! माझ्या पोटावर!" जन्मात पहिल्यांदा ती सासूवर ओरडली आणि धाप लागून खुर्चीतच कलंडली. बाळाची वाढ मागे पडली होती, त्याचे ठोके भलतेच जलद पडत होते. तिला तिथेच दाखल करून घेतलं.

नवरा कामावरून धावत आला. आधी बाहेर बसलेल्या आईची समजूत काढली, मग खाटेपाशी आला.

"सोड ना आता. आई आहे ती."

"तुझी आहे," काजवाली म्हणाली. "मी कुणाची आई होणार की नाही, ते डॉक्टरीणबाई उद्या सांगणार आहेत. तोवर तिला इथून घेऊन जा, आणि तूही जा."