यंत्राला तारीख सांगणारे अण्णा

अण्णा रोज सकाळी साडेसहाला आपल्या कॉम्प्युटरला आजची तारीख सांगत. अगदी तोंडाने. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेही याच कामात. बेंगळुरूच्या बसवनगुडीत त्यांच्या घरावरची खोली भाड्याने द्यायची आहे असं कळलं, म्हणून ऑफिसला जाण्याआधी मी सकाळीच जाऊन थडकले. दार उघडं होतं. हॉलमध्ये एका पिवळट पडलेल्या जुन्या डेस्कटॉपसमोर एक उंच, सडसडीत गृहस्थ डोळे मिटून बसले होते. मी "नमस्कार" म्हणताच त्यांनी डोळे न उघडता तळहात वर केला. मी जागच्या जागी थांबले. "बुधवार," ते म्हणाले, "तारीख अकरा, महिना जून." मग डोळे उघडून एका बोटाने ते टाइप केलं, घडी न मोडलेला पेपर उघडून वरची ओळ वाचली, एका लांबट वहीत काहीतरी टिपलं आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"सरी, ठीक. आता बोल की. नाव काय म्हणून?"

मी शुभांगी, नागपूरची. अण्णांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं ते इकडचंच झालं. घरात मराठी, पण तिच्यात कन्नड अशी मुरलेली की वेगळी काढता येऊ नये. त्यांच्या पत्नीचं नाव लीला, पण सगळे अक्का म्हणत. पहिल्याच जेवणाला सार वाढताना त्या म्हणाल्या, "सारू अजून स्वल्प घे की." मी म्हटलं, "कायले एवढं वाढता!" त्या हसत सुटल्या. "ही कुठली गं मराठी?" "अस्सल!" मी म्हटलं. "अय्यो, मग आमची काय नकली?" तीनशे वर्षांचा वाद आम्ही सारूच्या वाटीवर मिटवला.

माझी नोकरी महादेवपुऱ्यात. कंपन्यांच्या जुन्या कॉम्प्युटरांवरचं सगळं नव्यावर नेऊन बसवायचं आणि जुनं बंद करायचं, हे माझं काम. त्यामुळे जुनं यंत्र दिसलं की माझे हात शिवशिवतात, आणि अण्णांचं ते धूड तर बाप्पा! पंखा मिक्सरसारखा ओरडायचा. सुरू करताच एक बारीक शिट्टी मारून ते अडून बसायचं आणि पडद्यावर एक जानेवारी दाखवायचं, तीही पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. दुखणं काय ते मला दारातूनच कळलं होतं. आत बटणाएवढा एक सेल असतो. वीज बंद असताना तारीख सांभाळणं हे त्याचं काम. तो संपला होता.

"अण्णा, सेल गेलाय. पन्नास रुपयांचा असेल. मी आणते," दुसऱ्याच दिवशी मी म्हटलं.

"गोत्तू, गोत्तू," अण्णा म्हणाले. त्यांना ठाऊक होतं म्हणे. "राहू दे की."

ठाऊक आहे आणि राहू दे? मला वाटलं, पक्के चिंगूस! पण तेही जमेना. त्यांची मुलगी वैजू पुण्याला असते. तिचा मला फोन आला, "ताई, तुम्ही त्यातल्या आहात, बाबांना नवीन कॉम्प्युटर घ्यायला लावा ना. जुन्याला आता नवी विंडोज चालणार नाही, आणि त्यावरच ते बँकेचं सगळं करतात." मी अण्णांना सांगितलं. त्यांनी नकार दिला नाही आणि होकारही दिला नाही. म्हणाले, "नोडोणा. बघूया. आधी दुखतंय कुठे ते तरी विचारू त्याला." आणि मग महिनाभर त्यांनी त्या यंत्राची जी तपासणी केली, तशी आमच्या ऑफिसात कोट्यवधींच्या यंत्रणांची होत नाही. कारखान्यातून निवृत्त होताना मिळालेलं स्टॉपवॉच घेऊन ते बसत. चालू व्हायला किती मिनिटं, बँकेचं पान उघडायला किती, धूळ पुसल्यावर किती. डिस्क हळू आहे असं निघालं, तेव्हा नवी डिस्क माझ्याकडूनच बसवून घेतली, पैसेही हातावर ठेवले. चार मिनिटांचं काम चाळीस सेकंदांवर आलं तेव्हा शाळकरी पोरासारखे खूश झाले. म्हणजे खर्चाला ना नव्हती, बदलाला ना नव्हती. मग त्या मेल्या सेलावर एवढा जीव काऊन?

मला राहवेना. पंखा पुसायच्या निमित्ताने एकदा मी पुन्हा डबा उघडला आणि त्यांना न विचारता नवा सेल घालून तारीखही लावून टाकली. आमच्या धंद्यातल्या माणसांची ही खोडच आहे. बिघाड दिसला की तो बिघाडच असणार, असं आम्ही धरून चालतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिट्टी झाली नाही. खालून हाक आली, "शुभा, खाली ये." अण्णा रागावले नव्हते. ते घाबरले होते, आणि ते रागापेक्षा वाईट होतं. "सेल तू घातलास? मी डोळे उघडले तर यंत्रच मला तारीख सांगतंय. आज माझं माप गेलं." मी गुपचूप सेल काढला. मग त्यांनी ती लांबट वही माझ्यापुढे ठेवली.

अण्णा कारखान्यात मापं तपासायच्या खात्यात होते. कामगार ज्या गेजने सुटे भाग मोजतात ते गेज तरी बरोबर मोजतं का, हे बघणं हे त्यांचं पस्तीस वर्षांचं काम. "सकाळी आधी गेज तपासायचं, मग त्यानं जग मोजायचं," ते म्हणत. वहीत तसेच रकाने आखलेले होते: सांगितलेली तारीख, खरी तारीख, फरक. फरकाच्या रकान्यात पानंच्या पानं शून्य. सहा वर्षांपूर्वी सेल संपला, तेव्हा पडद्यावर रोज तीच जुनी तारीख यायला लागली आणि त्यांना ही युक्ती सुचली. पेपर न बघता, कॅलेंडरकडे पाठ करून, डोकं अजून बरोबर चालतंय का ते रोज तपासायचं. इंटरनेटसुद्धा ते त्यानंतरच जोडत, नाहीतर यंत्राला तारीख आपोआप कळते.

"माझा थोरला भाऊ शेवटी शेवटी घरचा रस्ता विसरायचा," अण्णा म्हणाले. "त्याला कुणीही सांगितलं नाही. सगळे हो हो म्हणत राहिले. मला तसं नको." वहीच्या पहिल्या पानावर कारखान्याच्या पद्धतीने एकच नियम लिहिला होता: लागोपाठ तीन दिवस फरक आला तर स्कूटर बंद.

स्कूटर! रोज संध्याकाळी अक्कांना मागे बसवून ते गांधी बाजारला भाजी आणि फुलं आणायला जात. शहात्तराव्या वर्षी, बेंगळुरूच्या रहदारीत.

"मी एकटा असतो तर मोजलं नसतं गं," ते म्हणाले. "मागे लीला असते." आणि पुढे म्हणाले, "चुकणारं गेज आपली चूक कशी मोजणार? उद्या पेपर वाचून मी स्वतःलाच पटवीन की मी हेच म्हणालो होतो. तपासणारा बाहेरचा लागतो. वैजू रडत बसेल. तू ऐकत जा, आणि फरक आला की सांग. सांगशील?" मी सांगेन म्हणाले. त्या क्षणी मला ते सोपं वाटलं होतं.

तेव्हापासून साडेसहाला कॉफीचा पेला घेऊन मी हॉलच्या पायरीवर बसू लागले. फरक शून्य, फरक शून्य. आणि आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं की शिट्टी झाली रे झाली की अक्कांना स्वयंपाकघरात कंठ फुटतो. "अहो, आज गुरुवार हं, मला उपास!" "अय्यो, उद्या शनिवार, सोळा तारीख, गॅसवाला येईल!" इतके दिवस मी समजत होते, बाईंना बोलायची हौस आहे.

अण्णा आंघोळीला गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. अक्का विळीवर नारळ खवत होत्या. "अक्का, हे दिवाळीपासून चाललंय की आधीपासून?" मी सुम्ने, उगाच, खडा टाकला. विळी थांबली. "दिवाळीपासून," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा चुकले तेव्हा दिवसभर जेवले नाहीत. मी नाही बघू शकत."

"पण अक्का, स्कूटर..."

"चाळीस वर्षं मागे बसते मी त्या स्कूटरवर. किल्ली गेली तर खुर्चीत बसून संपतील ते. पडलो तर दोघं पडू. तू यात पडू नको."

मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्याहून स्वतःचा, कारण मीही गप्प बसले. पायरीवर बसायची, शून्य ऐकायची, कॉफी प्यायची. संध्याकाळी स्कूटरचा आवाज फाटकाबाहेर गेला की मी हातातलं काम टाकून बसायची आणि परत आला की पुन्हा कामाला लागायची. असे नऊ दिवस काढले. वचन दिलं होतं कुणी? मीच की!

दहाव्या दिवशी मेट्रोतून उतरून चालत येत होते. गांधी बाजारच्या तोंडाशी सिग्नल हिरवा झालेला, मागे हॉर्नचा गदारोळ, आणि पुढे अण्णा स्कूटरवर शांत बसलेले, जणू अजून विचार चाललाय. मागून अक्का त्यांच्या कानाशी वाकल्या होत्या. एका हाताने भाजीची पिशवी, दुसऱ्याने त्यांचा खांदा धरलेला. "डावीकडे, अहो, डावीकडे," त्या सांगत होत्या. एका बसने त्यांना अगदी घासून वळण घेतलं. 

घरी गेल्यावर मी अक्कांशी भांडले नाही. एवढंच म्हटलं, "अक्का, समोरून शाळेतलं एखादं पोर आडवं आलं, तर तेही मागून सांगाल?" त्या फुलं निवडत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी शिट्टी झाली आणि स्वयंपाकघर गप्प होतं. नळसुद्धा बंद. अण्णा डोळे मिटून बसले होते. मग त्यांची मान हळूहळू स्वयंपाकघराकडे वळली, अगदी त्यांच्या नकळत, आणि थोडा वेळ तशीच राहिली. "सोमवार," ते म्हणाले. मंगळवार होता. दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचा फरक. तिसऱ्या दिवशी वार बरोबर, महिना मागचा. पेपर उघडायच्या आधी त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"किती?"

दारात अक्का उभ्या होत्या. पदर तोंडाशी. मला वाटलं, देवा, यापेक्षा मला नोकरीवरून काढलं असतं तर बरं. "एक महिना, अण्णा," मी म्हटलं. "लागोपाठ तिसरा दिवस."

त्यांनी ते वहीत लिहिलं. अक्षर नेहमीसारखं सरळ. उठून खुंटीवरची किल्ली काढली आणि अक्कांच्या हातात ठेवली. अक्का रडू लागल्या, मीही रडले. अण्णाच तेवढे रडले नाहीत. "अय्यो, रडता काय दोघी? गेज बाद झालं नाही," ते म्हणाले. "कारखान्यात पहिल्या वर्गाचं माप घसरलं की फेकत नव्हतो. पिवळी चिठ्ठी लावून हलक्या कामाला द्यायचो. तिथं पुढे पंधरा-पंधरा वर्षं चालायचं ते."

कॉम्प्युटरचा निकालही त्यांनी त्याच नियमाने लावला. बँकेसाठी नवा घेतला आणि तो वैजूच्या देखरेखीखाली दिला. जुन्याला मी इंटरनेटपासून कायमचं तोडलं. त्यावर अण्णांनी पिवळा कागद डकवला आणि तारखेचं काम तेवढं त्याच्याकडे ठेवलं. गांधी बाजारला दोघं चालत जाऊ लागली. खुर्चीत बसून संपले वगैरे काही नाही. उलट चालताना दुकानदुकानाशी थांबत बोलत, आणि तासाचे दोन तास करून येत.

पुढच्या वर्षी माझी पुण्याला बदली झाली. निघायच्या सकाळी मी बॅग घेऊन खाली आले ती साडेसहालाच. शिट्टी झाली, आणि आतून अक्कांचा खणखणीत आवाज आला, "अहो, आज रविवार, सत्तावीस तारीख! पोरगी चालली!" आता कसली चोरी? अण्णांनी हसत मान डोलावली, सत्तावीस टाइप केलं आणि सवयीने खुर्ची माझ्याकडे वळवली.

"किती?"

बॅगेतल्या तिकिटावर अठ्ठावीस होती. मी एकदा अक्कांकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. खोटं बोलायला किती सोपी सकाळ होती ती. पण त्यांनी मला बाहेरची म्हणून निवडलं होतं.

"एक दिवस, अण्णा," मी म्हटलं. "पण तो तुमचा नाही. अक्कांचा."

स्वयंपाकघरात भांडं वाजलं.  अण्णांनी ड्रॉवरमधून पट्टी काढली, वहीच्या पानावर काळजीपूर्वक एक नवा रकाना आखला आणि त्याच्या डोक्यावर लिहिलं: लीला.

"ये गं, कॉफी तिकडेच राहू दे," त्यांनी आत हाक मारली. "उद्यापासून दोघं बसू."