‘बेस हाय’ म्हणणारे लटारूभाऊ

गुणाबाईंचं अर्धं अंगण सारवून झालं होतं, तेवढ्यात त्यांचे मालक लटारूभाऊ डॉक्टरांच्या तपासणीहून परतले. शेणाच्या हातानंच बाईंनी विचारलं, “काय म्हटलं?”

“कामाले फिट हाय म्हणते.”

लटारूभाऊ आमचे नागभीडचे शेजारी, एटापल्लीकडं वनरक्षक. गस्तीवर असताना अस्वलानं कंबरेपासून मांडी फाडली, तेव्हापासून काठीशिवाय त्यांना दारातली पायरी उतरवत नाही. नोकरी झेपेना म्हणून अपंगत्वाच्या पेन्शनसाठी अर्ज केला, तर डॉक्टरांनी हे लिहिलं!

“त्याईनं विचारलं काय?”

“कसे आहात म्हणे. म्या म्हटलं, बेस हाय साहेब.”

“आन् काठी?”

“बाहेर ठेवली. मोठ्या मानसासमोर काठी टेकत जावं का?”

आमच्याकडं हीच रीत. अंगात ताप फणफणला असला तरी विचारणाऱ्याला ‘बेस हाय’च म्हणायचं. पण महाकालीच्या गाभाऱ्यापर्यंत म्हातारी माणसं काठी टेकतच जातात, माय काही रागावत नाही. मग या साहेबांचं काय एवढं? भिंत धरून आत आलेला माणूस त्यांना दिसला नाही?

दुसऱ्या दिवशी मीही दोघांसोबत वनखात्याच्या ऑफिसात गेले. बाबूनं मानसुद्धा वर केली नाही. “फिट असाल तर हजर व्हा. नाई तर राजीनामा लिहा, मोकळे व्हाल.”

राजीनामा दिला की पेन्शन बुडाली, हे त्याला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं!

“राजीनामा काऊन?” गुणाबाई कडाडल्या. “अस्वल तुमच्या जंगलातलं व्हतं, माह्या माहेरचं नाई!”

“राहू दे ना वं,” लटारूभाऊ पुटपुटले. “साहेबाले काम असते.”

“तुमी चूप रायले म्हणून तर हे झालं. आता तुमीच सांगा.”

बाबूनं नाइलाजानं विचारलं, “बोला भाऊ, कसे आहात?”

भाऊंचे ओठ सवयीनं हलले, मग थांबले. “बेस नाई, साहेब. कूस बदलता येत नाई. लघवीले जातानी बायको धरते.”

सगळ्यांसमोर हे सांगताना त्यांची मान खाली गेली. माणसाला इतकं उघडं केल्याशिवाय यांना पटतच नाही का?

गुणाबाईंनी फेरतपासणीचा अर्ज पुढं सरकवला. “शिक्का मारून पोच द्या.”

“उद्या या.”

“बसते मी इथीच,” म्हणत गुणाबाईंनी बाकावर मांडी घातली. जेवणाच्या सुट्टीआधी शिक्का बसला.

फेरतपासणीला जखमेचे जुने कागद लागणार. ते काढायला गुणाबाई उद्या सकाळच्या बसनं गडचिरोलीच्या दवाखान्यात जाणार आहेत.