चाकापुढचा दगड

माझ्या तोंडून तुम्ही हजार गोष्टी ऐकल्या असतील. ही नाही. ही मी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही — आणि तिच्यापासून तर मला बाहेर खाल्लेली भजीही लपवता येत नाहीत.

पाथर्डीकडच्या रस्त्यावर मी जीप चालवतो. माझ्या मिशा पाहून करंजी घाटात ट्रक बाजू देतात, असं मी सांगतो. आठेक वर्षांमागं आमच्या माळावर सिनेमावाले आले. त्यांना जग संपल्यानंतरचं वाळवंट हवं होतं. माळ बघून म्हणाले, काही करायला नको, असाच राहू द्या. तोवर आम्हाला पत्ताच नव्हता की जग संपलंय.

त्यांचा एक साहेब तोंडं बघून कामं वाटत होता. अशा सिनेमात म्हणे ठरलेलीच माणसं असतात — एकटा फिरणारा मुका वीर, पाण्यावर कब्जा करून बसलेला जुलमी राजा, सगळं जाणणारी म्हातारी, आणि हल्ला झाला की सगळ्यांना टाकून गाडी घेऊन पळणारा पळपुटा. आता मला सांगा, ह्या मिशा राजाच्या नाहीत? साहेबानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पळपुटा दिला. जाणती म्हातारी झाली कोंडावहिनी, माझा दोस्त नामदेवची बायको. दोघं दरसाल ऊसतोडीला जायची. उन्हानं तिचा चेहरा असा झालेला, की रंग लावणारी बाई नुसती बघत राहिली.

माझ्या जीपचा हँडब्रेक कधीच मेलेला. आमच्याकडं निम्म्या जीपांचा असतोच; गाडी उतारावर थांबली की चाकाला दगड लावायचा. शूटिंगला ते काम नामदेवचं. तो दगड लावायचा आणि वर एक लाथ मारून बघायचा, पक्का बसलाय का.

पहिल्या खेपेला मी पळालो तो त्या दगडावरूनच. जीप उडाली, टोपी पडली, सगळा माळ हसला. वीर मुका होता, तोही हसला.

मग — इथून पुढं मी नेहमी गोष्ट फिरवतो. सांगतो, की तेवढ्यात वादळ आलं, हत्ती उडेल असं, आणि सुटलेली जीप मी छातीनं अडवली. वादळ होतं, पण मोठ्या पंख्याचं. आणि छाती — तिचं काय सांगू?

दुसऱ्या खेपेआधी नामदेवनं दगड लावला. मी गाडी गिअरमध्ये टाकून उतरलो, कुणाचं लक्ष नाही बघून दगड पायानं बाजूला सारला, परत बसलो. गिअर काढला, पाय ब्रेकवर. आता कोण हसतंय बघू. मग वाटलं, साहेबाला एकदा विचारावं, मिशा कॅमेऱ्यात दिसतील ना? उतरलो. गिअर टाकायचा विसरलो.

कोंडावहिनी खाली बाभळीजवळ बसली होती, पाठमोरी. पंख्यानं धूळ उठवलेली. जीप हलली तेव्हा उघडं दार माझ्यापासून हातभर होतं. आत उडी मारता आली असती? आली असती. मी मागं सरकलो.

जीप तिच्या पायावरून जाऊन बाभळीला टेकली. धूळ खाली बसली तेव्हा मी पळत जाऊन बॉनेटला हात लावून उभा होतो. लोकांना वाटलं, यानंच अडवली. मी हात काढला नाही.

नामदेव धावत आला. तो काही बोलायच्या आत मीच बोललो, "दगड लावला न्हाईस का रं, नाम्या?"

तो चाकाकडं बघत राहिला. मग स्वतःच्या हाताकडं. "लावल्ता की," म्हणाला. आणि पुन्हा हाताकडं बघून — "की इसरलो म्या?"

एवढंच म्हणायचं होतं मला, की लावला होतास. माझ्या डोळ्यांदेखत लावला होतास. हजार गोष्टी रचणाऱ्या माणसाला एक खरा शब्द फुटला नाही.

वहिनीच्या पायाचं हाड नीट जुळलं नाही. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मोजतात, मजुरीही तशीच. ती घरी बसली तशी नामदेवला मुकादम अर्धा कोयता म्हणतो. चूक आपलीच, असं त्याला वाटतं.

परवा त्याची नवी सून घरात आली. मी गेलो तर तो तिला म्हणाला, "ह्यांच्या पाया पड. माझ्या हातून चूक झाल्ती, तुझी सासू ह्यांच्यामुळं हाय."

वहिनी दाराला धरून उभी होती. सून वाकली. मी पाय मागं घेतले नाहीत. आशीर्वादही दिला — चांगला मोठ्या आवाजात.