बेट बघायचं राहिलेली मुलगी

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. त्याचं श्रेय मी शाळेतल्या बाईंना देते आणि त्यांच्या कपाटातल्या साहसकथांना. गव्हाणहून पनवेलच्या शाळेत येणाऱ्या मुलीला त्या पुस्तकांनी बेटं, भुयारं, चोरांचे अड्डे दाखवले. म्हणून भावाची मुलगी दहा वर्षांची झाली तेव्हा त्यातलंच एक जाड पुस्तक मी तिला आणून दिलं, मोठ्या अभिमानानं.

तेव्हा आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नवीन पनवेलला माझ्याकडे आली होती. सुट्टी म्हणून भाचीही इथंच होती. आईला वाचता येत नाही, आणि डॉक्टरांनी टीव्ही बंद केलेला. त्यामुळे दुपारी भाची मोठ्यानं वाचायची आणि आई काळा चष्मा लावून ऐकायची. तीन मुलगे आणि एक मुलगी होडीतून बेटावर जातात, अशी गोष्ट.

"थांब," एकदा आई म्हणाली. "तिथं रांधतंय कोन?"

भाचीनं मागची पानं चाळली. "ती मुलगी."

"आनी भांडी?"

"तीच. समुद्राच्या पाण्यानं घासते."

"पोरं काय करतान?"

"गुहा शोधतायत."

"मंग तिनं बेट कवा बगला?"

भाची पुन्हा पानं चाळू लागली. हे पुस्तक मी शाळेत कितीदा तरी वाचलं होतं, पण वाचताना मी कायम मुलांबरोबर गुहेत असायचे. तंबूपाशी राहिलेल्या मुलीकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. आईचं गेलं. मिठागरावर पुरुषांच्या बरोबरीनं डोक्यावरून मीठ वाहून तिनं वर सगळ्यांचा भात शिजवलेला आहे.

त्याच आठवड्यात भाचीच्या शाळेचं शिबिर ठरलं. गोवा रस्त्याला किल्ल्याच्या पायथ्याशी मुक्काम आणि सकाळी चढाई. भाचीला जायचंच होतं, भाऊ नको म्हणत होता. रविवारी तो आईसाठी मासे घेऊन आला आणि मला समजावू लागला.

"ताई, जंगल हाय, कडे हायत. पोरीची जात. काय झाला तर?"

भाची दाराआडून ऐकत होती. मी काही बोलणार तेवढ्यात आईनं विचारलं, "तिथं रांधायला कोन?"

"आये, मी पडायचा बोलतोय."

"पडंल तं उठंल. रांधायला कोन, त्ये इचार."

भावानं वैतागून भाचीच्या बाईंना स्पीकरवर फोन लावला. आईनं तो काढून घेतला.

"बाई, मी पोरीची आजी. सैपाकाला पोरींना बसवनार काय?"

बाई हसल्या. "नाही हो आजी, आचारी आहे. आणि ताट ज्याचं त्यानं घासायचं, मुलांनीसुद्धा."

"डोंगरावर कोन जानार?"

"सगळे. यंदा पुढचा गट तर मुलींचाच आहे."

आईनं फोन भावाच्या हातात ठेवला. "पाठव तिला."

"पन आये..."

"तू खाडीत शिरायचास तवा कोनी अडवला तुला? तुजी बहीन घरात भाकऱ्या थापत होती."

हे खरंच होतं. भाऊ माझ्याकडे बघून ओशाळं हसला आणि मासे धुवायला आत गेला. भाची दाराआडून बाहेर आली ती थेट आईच्या गळ्यात.

शिबिराची बस पळस्प्याला थांबणार होती. आम्ही तिघं सोडायला गेलो. भावानं वाटेत तिला कड्यापासून लांब राहायला इतक्यांदा बजावलं की शेवटी तिनं कान झाकून घेतले. बस आली. भाची चढली, खिडकीजवळ बसली आणि शेजारच्या मुलीला पुढचा डोंगर दाखवू लागली.

"पोरी, टाटा तरी कर," भाऊ खालून म्हणाला. बस वळून गेली.

"बगला पन नाय माज्याकडं," तो म्हणाला.

"बरा झाला," आई म्हणाली, आणि चहा कुठं मिळेल ते विचारू लागली.