तिला सोसायचं नाही

आमच्या सासरी एक शब्द फार प्रेमाने वापरतात, आणि तो ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. हळवी. एकदा का एखाद्या बाईला हळवी म्हटलं, की तिला काही विचारायला नको, काही सांगायला नको. ठरवायचं आपण, आणि वर तिच्याच काळजीपोटी ठरवलं म्हणून मिरवायचं. नाजूक, कच्च्या मनाची, बिचारी, भाबडी ही सगळी त्याच शब्दाची भावंडं. बोलताना जिभेवर साखर, आणि समोरच्या माणसाचं मत विचारात घेण्याची गरज संपली.

हा शब्द चिकटला होता आत्यांना. आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण, बसवर कंडक्टर. रडतात, हे मी नाकारत नाही. लग्नात रडतात, निरोपाला रडतात, टीव्हीवर कुणाचं कुत्रं हरवलं तरी पदर डोळ्याला. पण एकदा त्यांच्या बसमध्ये एक दारुडा एका मुलीच्या अंगचटीला जात होता, तर आत्यांनी त्याला कॉलर धरून खाली उतरवला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहतंय आणि आवाज असा की ड्रायव्हरसुद्धा सरळ होऊन बसला. मग नाक पुसलं आणि पुढच्याला तिकीट फाडून दिलं. रडणं हा त्यांचा स्वभाव, घाम यावा तसं त्यांना रडू येतं, त्याने हातातलं काम काही थांबत नाही. बाबा, म्हणजे माझे सासरे, त्यांना चिडवायचे, "ताई, नळ सुरू झाला का?"

आत्यांची बस आमच्या खिडकीखालच्या थांब्यावर थांबते. बसमध्ये एक घंटी म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल. आमच्या थांब्यावरून निघताना आत्या दोन घंट्या देऊन वर तिसरी द्यायच्या, ती भावासाठी. बाबा खिडकीतून हात हलवायचे. नवा ड्रायव्हर असला की तिसऱ्या घंटीला कचकन ब्रेक दाबायचा आणि अख्खी बस आत्यांच्या नावाने खडे फोडायची. आत्यांनी ती घंटी सोडली नाही.

मग बाबांचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, आता त्रास कमी करायचा, एवढंच आपल्या हातात. त्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी बैठक बसली.

"वन्संना सांगायचं नाही," सासूबाई म्हणाल्या. "त्या हळव्या. त्यांना सोसायचं नाही."

"आत्या आली की रडारड करणार," थोरल्या दिरांनी री ओढली, "मग बाबा खचणार."

मी म्हटलं, "अहो, पण सख्खी बहीण आहे त्यांची."

"तू आत्ता आलीस या घरात. तुला नाही माहीत आत्या," दीर म्हणाले. माझा नवरा ताटात बोटं फिरवत बसला. मला या घरात येऊन सहा वर्षं झाली तरी मी आत्ताच आलेली.

आत्यांना सांगितलं, बाबांना दूरच्या दवाखान्यात नेलंय, तिथे कुणाला भेटू देत नाहीत, फोनही चालत नाही. आत्यांनी विश्वास ठेवला, का नाही ठेवणार, घरचीच माणसं. आमच्या खिडकीचा पडदा ओढला गेला. वर कुणी नाही म्हटल्यावर तिसरी घंटीही बंद झाली.

आणि बाबा आतल्या पलंगावर पडून रोज ऐकत होते, हे त्या शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. बस थांबायची, आत्यांचा आवाज यायचा, "पुढे सरका, पुढे जागा आहे," मग दोन घंट्या, आणि बस निघून जायची.

"आज पण दोनच," बाबा म्हणायचे. "ताई रागावलीय का माझ्यावर?"

"छे हो, ड्युटी फार आहे त्यांना," सासूबाई म्हणायच्या. बाबांनी फोन लावायला सांगितला, तर दीर म्हणाले लागत नाही. "मागच्या वेळी मी जरा जास्तच चिडवलं तिला," बाबा म्हणाले. "तेच लागलं असेल." पुढे त्यांनी विचारणंच सोडून दिलं. मरायला टेकलेला माणूस आपलं काय चुकलं ते शोधत पडला होता, आणि ही मंडळी बाहेरच्या खोलीत चहा पीत एकमेकांना सांगत होती, बरं झालं वन्संना कळवलं नाही ते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

एक दिवस बस थांबल्याचा आवाज आला आणि मी हातातलं पातेलं ओट्यावर आपटून तशीच खाली गेले. बसमध्ये चढले.

"अगं, तू? त्याची काही खबर?" आत्यांनी विचारलं.

"आत्या, बाबा वर आहेत. कुठेही गेले नव्हते. आता फार दिवस नाहीत त्यांचे."

त्यांनी खिडकीकडे पाहिलं, पडद्याकडे. डोळे भरले, वाहायला लागले. तसंच जाऊन त्यांनी तिकिटांची पेटी ड्रायव्हरच्या हातात दिली. "मी उतरतेय. या पॅसेंजरांना मागच्या गाडीत बसवून द्या." एकाने ऑफिसला उशीर होईल म्हणून कुरकुर केली. "माझा भाऊ वर मरतोय," आत्या म्हणाल्या. "मागची गाडी येईलच." एकेक जण उतरायला लागला.

दारात सासूबाई. "वन्सं, तुम्हाला त्रास नको म्हणून आम्ही..." आत्या चपला काढून सरळ आत गेल्या, मी त्यांच्या मागोमाग. पलंगाच्या कडेला बसून त्यांनी भावाचा हात हातात घेतला. बाबांनी डोळे उघडले.

"राग गेला का तुझा?" त्यांनी विचारलं.

दारात सासूबाई, दीर, माझा नवरा, सगळे जागच्या जागी. आत्यांनी मान वळवून त्यांच्याकडे एकदा पाहिलं. भाऊ इतके दिवस काय समजून पडला होता, ते आत्यांना कळलं होतं. मी मनात म्हटलं, आता एक वाक्य बोला आत्या, एकच, आणि यांची तोंडं बघा. त्या बोलेनात, तेव्हा मीच तोंड उघडलं. आत्यांनी माझ्याकडे न बघता माझं मनगट घट्ट दाबलं.

"गेला रे," त्या भावाला म्हणाल्या. गालांवरून पाणी चाललेलंच होतं. "केव्हाच गेला. माझंच चुकलं, उगाच रुसून बसले."

बाबांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. आणि ज्यांनी तिला सोसायचं नाही म्हणून ठरवलं होतं, ती धडधाकट माणसं दारात उभी राहून ऐकत होती. एकानेही म्हटलं नाही, की चूक तिची नव्हती.